हम्मादीची फाईल आणि तोंड बंद ठेवायची नोकरी

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या खाणीचे संचालक सी तौफीक, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, कामगार संघटनेचे आजी-माजी पदाधिकारी, माझ्या जागी येणाऱ्या दोक्तोरा रीम, आणि फॉस्फेटची धूळ झटकून, कपडे बदलून इथवर आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मघाशी अध्यक्ष म्हणाले, "दोक्तोरा सुआद म्हणजे या गावाची घरचीच लेक." ऐकायला फार गोड वाटलं. पण घरच्या लेकीला लग्नाला बोलावतात हो! मला शेवटचं आमंत्रण कधी आलं, आठवतंय कुणाला?

हसा, हसा. दोष तुमचा नाही. मी इथे खाणीची डॉक्टर म्हणून नवी असताना एका लग्नाला गेले होते. ढोल अगदी कानाशी, डोकं ठणकायला लागलं, म्हणून गोडाचं ताट यायच्या आत उठले. झालं! नवरीच्या मावशीने दारातच गाठलं. "खरं सांगा दोक्तोरा, पोराच्या छातीत काहीतरी आहे ना? नाहीतर तोंड गोड न करता उठलात कशाला?" नवरदेव खाणीतला, त्याची तपासणी माझ्याकडे. आज "काही नाही" म्हणावं, तर उद्या दुसऱ्याबद्दल गप्प राहिले की त्याचं लग्न मोडायचं. मी गप्पच राहिले, आणि मावशीबाईंनी तिथेच गळा काढला. लग्न लागलं एकदाचं. पण मी लग्नांना जाणं सोडलं आणि हळूहळू तुम्ही बोलावणं सोडलंत.

एक माणूस मात्र माझ्याकडे यायचा. सी लजहर, संघटनेचे तेव्हाचे पुढारी. मी आधी मानाने 'सी' म्हणे, मग भाऊ; ते मला बहीण म्हणत. दुपारी दवाखान्यामागे शेगडीवर लाल चहा उकळायचा आणि आम्ही कुणाच्याही आजारपणाचा विषय सोडून बाकी सगळ्या विषयांवर कडाकडा भांडायचो. आईवडिलांपासून लांब राहणाऱ्या एकट्या बाईला आणखी काय हवं असतं?

मग आपला हम्मादी गेला. जन्मभर खाणीत भोकं पाडली त्याने. त्याची बायको जनात हिने दावा लावला की खाणीच्या धुळीनेच त्याची फुफ्फुसं खाल्ली. लगेच खाणीच्या वकिलाचं पत्र आलं, हम्मादीची संपूर्ण फाईल पाठवा. संपूर्ण कशाला? दुसरं काही सापडलं, तर मरणाचं खापर त्यावर फोडता येईल म्हणून! मी कळवलं, न्यायाधीशांचा हुकूम आणा, आणि त्यात मागितलं असेल तेवढंच मिळेल. तेव्हाचे संचालक (सी तौफीक, तुम्ही नव्हे, घाबरू नका) मला म्हणाले, "दोक्तोरा, तुम्हाला पगार कोण देतं?" म्हटलं, "पगार खाण देते. फाईल हम्मादीची आहे."

संघटनेत टाळ्या पडल्या म्हणे. दुसऱ्याच दुपारी लजहरभाऊ खुशीत आले. "शाब्बास गं बहिणी! आता ती फाईल माझ्या हातात दे. जनात संमतीची सही करायला तयार आहे."

"फुफ्फुसांचं सगळं न्यायाधीशांनी मागितलं की त्याच दिवशी देते. बाकीचं नाही."

"बाकीचं? म्हणजे काय आहे त्यात?"

"प्रत्येक फायलीत बाकीचं असतं, भाऊ. तुमच्याही."

"तो मेलाय, सुआद! मेलेल्याला कसली आलीय लाज?"

"दार लावून बोलला होता तो माझ्याशी. तो गेला म्हणून मी ते दार उघडू?"

त्यांनी उकळता चहा राखेत ओतला आणि निघून गेले.

हुकूम यायला फार उशीर लागला. आला तेव्हा मी छातीचे फोटो आणि श्वासाच्या तपासण्या तेवढ्या काढल्या, पाकीट मोहोरबंद केलं आणि न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या हातात स्वतः नेऊन दिलं. जनात जिंकली. पण मधल्या काळात तिने लोकांच्या फरश्या पुसल्या, आणि ते लजहरभाऊंनी मला कधीच माफ केलं नाही. रागावण्याचा त्यांना हक्क होता. माझं म्हणाल, तर चहा एकटीला पिता येतो, भांडता येत नाही. फार जड गेलं मला ते. आज सांगून टाकते.

आणि बघा, मघाशी हार घालून झाल्यावर हेच लजहरभाऊ व्यासपीठावर आले. माझ्यासमोर हा चहाचा पेला ठेवला आणि कानाशी म्हणाले, "आता तूही निवृत्त, मीही. जनातही राहिली नाही. आता तरी सांग, काय होतं?"

भाऊ, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून सगळ्यांदेखत उत्तर देते. काही होतं की काहीच नव्हतं, हेसुद्धा मी सांगणार नाही. माझी नोकरी संपली, हम्मादीला दिलेला शब्द संपला नाही. ते न विचारता हा चहा माझ्यासाठी असेल, तर राहू द्या. आत्ता पिते. उद्यापासून घरीही या, मी वाट बघेन. आणि त्या उत्तराच्या बदल्यात असेल, तर घेऊन जा. मी वाईट वाटून घेणार नाही.

...

नेलात. बरं.

खोटं बोलले मी, वाईट वाटलं. दोक्तोरा रीम, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला लग्नांना जावंसं वाटेल. जरूर जा, पण गोडाचं ताट येईपर्यंत उठू नका.

आपण सर्वांनी वेळात वेळ काढून माझा सन्मान केलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल, तर पोटात घाला. न बोलण्याबद्दल मात्र मला क्षमा मागता येत नाही.