आठ टन की बारा टन

"हॅलो? … हॅलो, हां, बोला. … अहो जरा मोठ्याने बोला, तुमच्या मागे काय ठोकाठोकी चाललीय? … हां, आता येतंय. मिळाला का पंप?"

वनमालाने मेथीचं ताट पुढे सरकवलं आणि फोन कान आणि खांद्यात दाबून धरला. नवरा सकाळी पोहे खाऊन मुलुंडहून साकीनाक्याला गेला होता, गावच्या विहिरीसाठी पंप बघायला. निदान सांगून तरी तसंच गेला होता.

"आठ टन? … पंपात कसले हो टन? … काय फोडायचं? … लाकडं? … हो, हो, कळलं, हायड्रॉलिक. शब्द कळला मला, माणूस कळत नाहीये. पंप आणायला गेलात ना तुम्ही? … वाटेत दिसलं? लाकडं फोडायचं मशीन वाटेत दिसतं? कोथिंबीर आहे काय?"

आता या माणसाला म्हणावं तरी काय! चंद्रप्रकाश यंदाच रिटायर झाला, आणि दिवाळी उरकली की कणकवलीजवळच्या गावी कायमचं राहायला जायचं त्याने ठरवून टाकलं. वनमालाची शाळेच्या ऑफिसातली नोकरी अजून दोन वर्षं होती. साठी ओलांडलेला माणूस त्या घरात एकटा काय करेल, कसा राहील, या काळजीने तिला धड झोप लागत नव्हती. आणि हे महाशय साकीनाक्याहून टन विचारत होते!

"आठ की बारा, मला काय माहीत? मी काय जन्मभर लाकडं फोडली? … अहो, पण हवंय कशाला ते? गॅस आहे ना तिकडे. … आंघोळीच्या पाण्याला? … मग गिझर बसवा. … वास? पाण्याला धुराचा वास हवा? … बरं, हवा. मलाही आवडतो, नाही कुठे म्हणते मी. पण एका माणसाच्या आंघोळीला बारा टन? हत्ती धुणार आहात का?"

पलीकडून बराच वेळ समजूत घातली जात होती. वनमाला मेथीची पानं अशी ओरबाडत होती, की निम्मे देठ भाजीतच जात होते.

"अहो ऐका ना… ऐका माझं… लाइट कुठेय तुमच्या वाडीत धड? संध्याकाळी पंख्याची पाती मोजून घ्यावीत. मोटर उचलणार आहे का त्यावर? … उचलते असं कोण म्हणतो? … विकी. हा विकी कोण? … वर्कशॉपवाला. आणि विकीने बघितलंय आपल्याकडचं व्होल्टेज? … मग त्याला काय जातंय बोलायला!"

"… आणि फोडणार काय एवढं? … आकेशिया. बरं. … आणि पडलेला फणस? अहो, फणसाचं लाकूड चुलीत घालतं का कुणी? शोभतं का तुम्हाला! फळ्या काढायच्या त्याच्या. … नाही, सुकला असला तरी नाही. पाट होतील, दार होईल. गावात कुणाला सांगू नका, तोंडात शेण घालतील."

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला, पण फोन काही सोडला नाही.

"चालवून दाखवतोय? दाखवू दे. बघा नीट, आणि मला सांगा. … हां… दोन दांडे. … दोन्ही हातांनी दोन्ही दाबले, तरच पाचर खाली येते. … एक सोडला की थांबते. … म्हणजे हात मध्ये जाऊच शकत नाही. हे मात्र बरं केलंय हो ज्याने कुणी केलंय. तुमच्यासारख्यांसाठीच केलंय. मिक्सर चालू असताना झाकण उघडणारा माणूस! … आता 'पण' काय? … वाकडं लाकूड उभं राहत नाही. मग नका फोडू वाकडं. … दोरी? कसली दोरी?"

मेथीवरचा हात थांबला.

"थांबा, थांबा. एक दांडा दोरीने बांधून टाकायचा, आणि मोकळ्या हाताने लाकूड धरायचं? त्या पाचरीखाली? … सगळे करतात? कोण सगळे? आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! … विकीला फोन द्या. … द्या म्हणते ना!"

"… हॅलो, विकीभाई? हां, मैं उनकी मिसेस. आप कस्टमर को दोरी बांधना सिखाता है? … नहीं, हाथ गया तो आप देगा क्या हाथ? … क्या बोला? … अकेला आदमी है? किसने बोला अकेला? … उन्होंने बोला? … फोन दो उनको. अभी दो."

वनमाला उठून उभी राहिली. रागाने तिचे कान तापले होते, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते जास्त झोंबत होतं. बत्तीस वर्षांचा संसार, आणि बाजारात जाऊन सांगतो काय, तर एकटा आहे!

"एकटा माणूस आहे, असं सांगितलंत त्याला? … अहो, बायको जिवंत आहे तुमची, मुलुंडला! … नोकरी आहे म्हणून काय झालं? नोकरी काय मरेपर्यंत करणार आहे मी? … मी येणार नाही, असं कधी म्हटलं? … गणपतीत? … हो, म्हटलं! लाइट गेली होती, डास फोडून खात होते, तुमची आत्या दर तासाला चहा मागत होती. तेव्हा कुणीही म्हणेल, मी नाही बाबा इथे राहायची! त्यावरून तुम्ही जन्माचा निकाल लावून मोकळे?"

"… खाट एकच घेतलीत. फोटोत बघितली मी. खुर्ची पण एकच. मानसी म्हणाली, आई, बाबांनी एकच खुर्ची कशी घेतली? मी म्हटलं, असेल, दुसरी मागून येत असेल. मुलीसमोर तुमची बाजू सावरली मी! … नाही आली ना मागून? आणि आता मशीनसुद्धा एकट्याला जमेल असं, दोरीवालं. … माका इचारलास? एकदा तरी इचारलास, वनमाला, येशीत काय म्हणून?"

राग टोकाला गेला की मुलुंडची मराठी मागे पडायची आणि तिच्या तोंडी मालवणी यायची. ती आली की चंद्रप्रकाशची बोलती बंद, हा आजवरचा अनुभव. आजही पलीकडे नुसती ठोकाठोक ऐकू येत होती.

"… अहो, बोटं गेली तर काय कराल तिकडे? ओरडलात तर कुणाला ऐकू जाणार आहे? शेजारच्या घराला कुलूप आहे. कुणीतरी मला इकडे फोन करणार, आणि मी गाडी शोधत बसणार… … नाही, रडत नाहीये. चिडलेय मी. रडायला काय झालंय!"

तिने पदराने नाक पुसलं. मग खुर्ची ओढून बसली.

"आता मी सांगते ते ऐका. मध्ये बोलू नका. शाळेला मे महिन्यात सुट्टी असते. वर्षाची लाकडं पावसाच्या आधीच फोडून रचतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हाच फोडायची, माझ्यासमोर. तुमचे दोन्ही हात दांड्यांवर. वाकडं लाकूड बाजूला. मी समोर बसून बघणार. तोवर पाणी गॅसवर तापवायचं आणि मशीन गोणपाटाखाली. … आठ पुरे झालं. आणि पोचवून देतो का विचारा, नाहीतर टेम्पो शोधत फिराल. … हो. … आणि पुढे दोन वर्षांनी आहेच मी कायमची. … नाही, थांबा. एवढ्यात हुश्श करू नका. अजून तुम्ही विचारलेलं नाही."

"… काय विचारायचं म्हणजे? जे इतके महिने विचारलं नाहीत ते. … विकी ऐकतोय? ऐकू दे. दोरी बांधायला शिकवतो, तर हेही शिकेल. … आता. फोनवरच. मी धरलाय."

पलीकडची ठोकाठोक थांबली. चंद्रप्रकाशने मशीन बंद करायला सांगितलं असावं. मग तो बोलला. वनमाला फोन कानाशी घट्ट धरून बसली होती.

"… हॅलो? … आहे मी. … नाही, नीट ऐकू आलं नाही. परत विचारा."

"… हो."

"… येईन. … अहो, पहिल्यांदाच आलं होतं ऐकू. ठेवा आता."