मान हलवायला माणूस

"तीस वर्षं मी मान हलवली, खुर्शीदाभाभी. आता ही हलवेल. वर्षभर तरी हिला मनमाडला सोडत नाही मी!"

सासूबाई यशोदाबाईंनी शेजारणीला सांगितलेलं हे गुपित संध्याच्या कानावर पडायचं नव्हतं. पण ती मोरीतून हात पुसत येत होती, आणि तिच्या चालण्याचाही आवाज होत नसे. नांदगावला तिला बघायला आले तेव्हा होणारे सासरे, प्राध्यापक नाना खैरनार, पोह्यांपासून चहापर्यंत एकटेच बोलले होते. तिनं मान हलवली होती आणि लग्न ठरलं होतं. नवरा अमित मनमाडला रेल्वेत. क्वार्टर मिळेपर्यंत सुनेनं नाशकातच राहायचं, असं तिला सांगितलेलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं, आता चैत्र लागला होता आणि क्वार्टर काही मिळत नव्हतं. तोवर तिला एक काम लावून दिलं होतं. रिटायर झालेले नाना रोज दुपारी टेपरेकॉर्डरवर आत्मचरित्र सांगत, संध्यानं कॅसेट लावायची, संपली की उलटी करायची आणि मान हलवत राहायचं. कॅसेट कुणीही उलटी केली असती. घरात खरी टंचाई मानेची होती.

काही ऐकलंच नाही असा चेहरा करून ती आत गेली, स्टुलावर बसली आणि लाल बटण दाबलं.

"— हां, तर काल आपण कुठे होतो? नीतिशास्त्रात. बरोबर? मान हलवलीस, म्हणजे बरोबर. तुला सांगतो संध्या, मी शिकवायला लागलो तेव्हा वर्गात पोरं मावत नव्हती — म्हणजे वर्गच लहान होता, वनस्पतीवाल्यांची कुंड्या ठेवायची खोली ती — पण दिवाळीनंतर उरला एकटा मुस्तकीम. एकटा! मी म्हटलं, हरकत नाही, सत्य एकापुढेही तेवढंच असतं. दोन वर्षं त्याला कर्तव्य शिकवलं. शेवटच्या दिवशी म्हणतो, सर, मला कॉमर्सला जायचं होतं, पहिल्या दिवशी खोली चुकली, पण तुम्ही बोलत होता म्हणून उठता आलं नाही. बघ! याला म्हणतात नीती. तुला वाटेल ही माझी हार — नाही ना वाटत? वाटू देऊ नकोस. आज पंचवटीत साड्यांचं दुकान आहे त्याचं, आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो मध्ये तोंड घालत नाही. हे कुणी शिकवलं? मी.

"मग आदिवासी अभ्यास. तिकडे का वळलो? विभागप्रमुख म्हणाले, खैरनार, तुम्हाला कुठेतरी लांब जायला आवडेल का — माझ्यातला संशोधक त्यांनी बरोबर ओळखला. गेलो सुरगाण्याच्या पुढे, डोंगरात. तिथल्या पुंजा नावाच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसलो, हाच टेपरेकॉर्डर समोर, आणि म्हटलं, पुंजा, तुमच्यात चांगलं कशाला म्हणतात? आता असला प्रश्न नुसता फेकून चालत नाही, आधी पार्श्वभूमी द्यावी लागते — ती देता देता त्यांची नागली कापून झाली. पण माणसं किती सभ्य! आळीपाळीनं ऐकायची. एक जण माझ्यासमोर, बाकीचे रानात. त्याला झोप आली की दुसरा. घरी येऊन कॅसेटी लावल्या, तर सगळ्यांवर मीच! एकीवर कोंबडा आहे. आणि एकीवर पुंजा, अगदी स्पष्ट: 'सर, तुमची गाडी गेली नं.' त्या एका वाक्यावर प्रबंध लिहिला मी. जाडजूड. मौन पाळणाऱ्या समाजातला मूल्यविचार. हसलीस? नाही. तुझं हेच मला आवडतं.

"आणि मग ब्याण्णव साली साक्षरता! अख्खा जिल्हा साक्षर करायचा होता, भिंतीभिंतींवर घोषणा. मला वडाळ्याकडच्या बायकांचा वर्ग दिला. पहिल्याच दिवशी फळ्यावर 'ग' काढणार, तेवढ्यात मनात आलं — जिनं 'ग' मागितलाच नाही, तिला तो देणं नैतिक आहे का? हे आधी सोडवायला हवं की नको? हलव मान. हां. ते सोडवण्यात पावसाळा गेला. भागीबाई रोज विचारायची, 'सर, अक्षर कवा?' मी म्हणायचो, बाई, आधी तुमची संमती. 'संमती हाय की वो!' पण भागीबाई, ती तुम्ही निरक्षर असताना दिलेली! शेवटी परीक्षेला साहेब आले, आणि सगळ्या वर्गानं अंगठे उठवले. पण अंगठाच का उठवला, यावर भागीबाई असं बोलली, असं बोलली, की साहेब चहा न घेता गेले. ते माझं सर्वांत मोठं यश.

"तीन विषय, धागा एकच — समोरच्याला उत्तराची घाई करू देऊ नये. अमितला हे पटलं नाही. लहानपणी एकदा जेवताना काहीतरी सांगायला लागला, मी म्हटलं, थांब, माझं वाक्य संपू दे — अजून सांगायचंच आहे त्याचं. आता रविवारी येतो, मी बोलत असतो, मध्येच हळूच तुला विचारतो, 'बरं आहे ना इथे?' तू मान हलवतेस. पोराला वाटतं, हिला नाशिकच आवडतं. आमच्या हिनं त्याला तसं सांगितलंय ना! मग हिरमुसून जातो आणि त्या क्वार्टरात एकटा पिठलं ढवळत — काय? क्वार्टर? मिळालंय की. संक्रांतीलाच. दोन खोल्या, पुढे कडुनिंब. एक चावी तुझ्यासाठी आणून दिली त्यानं, हिनं ठेवली मेथीदाण्याच्या डब्यात — अं — आता याला तू फसवणूक म्हणशील. नाही म्हणत? म्हणूच नये. फसवणुकीला आधी विधान लागतं. 'क्वार्टर नाही' असं ही म्हणाली, पण ते लग्नाच्या वेळी, तेव्हा नव्हतंच! पुढे फक्त कुणी दुरुस्त केलं नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, यावर माझी व्याख्यानमाला आहे, मुस्तकीमला विचार. आणि तू तरी कुठे विचारलंस? शिवाय तू गेलीस तर मी सांगू कुणाला? ही ऐकत नाही गं. मी एकदा मुद्दाम म्हटलं, यशोदा, घराला आग लागलीय — तिनं मान हलवली. मशीनसमोर एकटाही बसून पाहिलं मी, दार लावून. समोर कुणी नसलं ना, की मला कळतच नाही, थांबायचं कुठे —"

खट्. कॅसेट संपली.

स्वयंपाकघरातली भांडी केव्हाच थांबली होती. यशोदाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. नाना सवयीनं संध्याच्या मानेकडे बघत राहिले. मान हलली नाही. त्यांनी घसा खाकरला. तरी हलली नाही.

संध्यानं कॅसेट काढली, उलटी करून घातली, लाल बटण दाबलं आणि स्टुलावरून उठली.

"आई, तो मेथीदाण्याचा डबा मला द्या आणि इथं बसा," ती म्हणाली. "नाना, तुम्ही बोला. दुसरी बाजू सुरू झालीय."