बंद माइकवर बोललेलं

जबाब देणार : गावात ‘कर्णेवाले’ या नावाने ओळखला जाणारा, वय चौपन्न, धंदा ध्वनिक्षेपक भाड्याने देणे व दुरुस्ती, राहणार बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुकानाच्या माडीवर.

मी आज सकाळी बोलावल्यावरून ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व दोन मुलींसह राहतो. शिक्षण फारसं नाही. दुसऱ्याच्या कर्ण्यांच्या बॅटऱ्या सायकलवरून वाहण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःची निळी गाडी व तीन संच आहेत. लग्नापासून शोकसभेपर्यंत सगळ्या कामांना जातो. नगरपालिकेच्या सभागृहातल्या माइकचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मला कोणाचा पक्ष नाही. ज्याच्यापुढे माइक असेल त्याचा आवाज चांगला लागावा, एवढंच मी बघतो.

सभागृहात मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला, खिडकीच्या कोपऱ्यात मिक्सर घेऊन बसतो. प्रत्येक सभासदाच्या माइकची मिक्सरवर एक सरकपट्टी असते. बोलणाऱ्याचा वेळ संपला किंवा अध्यक्षांना पुढे जायचं असलं, की ते हातातलं पेन आडवं करतात. मग मी ती पट्टी खाली ओढतो. पट्टी खाली गेली की सभागृहात त्या माइकचा आवाज येत नाही, आणि सभेचं रेकॉर्डिंग होतं त्यातही जात नाही. माझ्या कानावरच्या हेडफोनात मात्र तो माइक चालूच राहतो. हे मशीनच तसं आहे. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.

मयत ताई या ओढ्याकडच्या वॉर्डाच्या सभासद होत्या. त्यापूर्वी त्या पाळणाघर चालवायच्या. माझ्या दोन्ही मुली त्यांच्याकडे होत्या. त्यांचे यजमान घड्याळदुरुस्ती करतात, त्यांना सगळे घड्याळजी म्हणतात. ते आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत.

ताई निवडून आल्या त्या वर्षीची गोष्ट. सभेत त्यांचा माइक मी पेनाच्या खुणेवरून बंद केला. चहाच्या सुट्टीत त्या सरळ माझ्या कोपऱ्यात आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, “भाऊ, माझा आवाज तुमच्या डब्यात मेला की जिवंत आहे?” मी म्हणालो, “ताई, सभागृहात मेला. माझ्या कानात जिवंत आहे.” त्या म्हणाल्या, “मग हरकत नाही. एक माणूस तरी आहे.”

तेव्हापासून ताईंचा माइक बंद झाला की त्या खाली बसायच्या नाहीत. माझ्या कोपऱ्याकडे तोंड करून राहिलेलं भाषण पूर्ण करायच्या. मी ते हेडफोनात ऐकायचो आणि संपलं की कानावरची पेन्सिल काढून वर धरायचो. म्हणजे ऐकलं. मग त्या बसायच्या. बाकीच्यांना वाटायचं, बाई भिंतीशी बोलते. पेट्रोल पंपाचे मालक सभासद आहेत, त्यांना थट्टेची सवय. ते म्हणायचे, “ताई, कर्णेवाल्याला मत नसतं हो.” ताई म्हणायच्या, “नसूदे. कान आहेत.” मी कोणाला काही फोड करून सांगितलं नाही. ताईंनीही नाही. हे घड्याळजींनासुद्धा आज माझ्याकडूनच कळलं.

काल नगरपालिकेची नेहमीची सर्वसाधारण सभा होती. दुपारच्या जेवणानंतर सुरू झाली. पहिले सगळे विषय अध्यक्षांनी वाचायचे आणि सभासदांनी बाकं वाजवायची, असे भराभर मंजूर झाले. दिव्यांचे खांब, बाजारातले गाळे, कचऱ्याच्या गाड्यांची टायरं. मी पट्ट्या वरखाली करण्याच्या आत विषय बदलत होता. त्यात विशेष काही नाही, नेहमी असंच चालतं.

त्यानंतर ताईंनी हात वर केला. ओढ्यावरच्या पायपुलाबद्दल बोलायचं म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, “तो विषय पत्रिकेवर नाही.” ताई म्हणाल्या, “मागच्या सभेत होता, तेव्हा तुम्ही पुढच्या सभेत घेऊ म्हणालात. ही पुढची सभा.” काही जण हसले. अध्यक्ष म्हणाले, “लेखी द्या, बघू.” ताई म्हणाल्या, “साहेब, पूल लेखी पडणार नाहीये.” यावर पुन्हा हसले, अध्यक्षही हसले, आणि त्यांनी पेन आडवं केलं. मी पट्टी खाली ओढली.

त्यापुढे ताई माझ्याकडे वळून जे बोलल्या, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो. जमादारांना विनंती केली आहे की ते तसंच उतरवून घ्यावं.

“भाऊ, गेला ना आवाज? बरं झालं, आता नीट सांगते. मी सकाळी पुलावर जाऊन आले. मधल्या फळ्या पायाखाली लवतात. कठड्याची मधली नळी नुसती टेकलेली आहे, हात लावला तर हातात येते. फळ्यांवर शेवाळ आहे, चप्पल घालून चालवत नाही, मी टपरीच्या बाकाखाली काढून ठेवली आणि अनवाणी गेले. आज पलीकडचा कारखाना सुटला की सगळ्या बायका एकदम पुलावर येणार. यांचं बाकं वाजवणं होईपर्यंत मी काही थांबत नाही. मी जाऊन अलीकडचं टोक अडवते. तुम्ही सभा आटोपली की गाडी घेऊन या. दोरी आणा, दोन तुकडे आणा. एक अलीकडे बांधू, एक पलीकडे. मोठ्या पुलावरून गाडीने फेरा मारू, म्हणजे मला या फळ्यांवरून जायला नको. आणि आल्यावर चहा तुम्ही पाजायचा. तुमच्यासाठी एवढं बोलते, घसा कोरडा होतो माझा.”

मी पेन्सिल वर धरली. ताईंनी चष्मा पिशवीत टाकला, पिशवी व छत्री घेतली आणि त्या दारातून बाहेर गेल्या.

आपण विचारता की त्या वेळी त्या रागात होत्या काय, किंवा खचलेल्या होत्या काय. अध्यक्षांनी तसं सांगितल्याचं मला समजलं. अध्यक्षांनी त्यांचा चेहरा पाहिला असेल. मी आवाज ऐकला. माणूस रडवेला झाला की श्वास तुटतो आणि माइकवर आदळतो, सुरुवातीचा शब्द जाड येतो. राग असला की शेवटचा शब्द फाटतो. शोकसभांची कामं मी इतकी केली आहेत की हे मला बघावं लागत नाही. ताईंचा श्वास सरळ होता. चहाचं म्हणाल्या तेव्हा तर हसत होत्या.

आपण विचारता की मी लगेच का गेलो नाही. सभा सुरू होती. ताई गेल्यावर अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव आला. आपल्या शहराला सुंदर शहराचं बक्षीस मिळालं, त्याबद्दल. त्यावर प्रत्येकाला बोलायचं होतं. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, असं अभिनंदनात होत नाही. माझा अंदाज होता की पाच-दहा मिनिटांत आटपेल. खिडकीतून ऊन उतरताना दिसत होतं. एकदा मी उठून उभा राहिलो. पंपवाले तेव्हा बोलत होते. ते माइकवरच म्हणाले, “कर्णेवाले उठले, म्हणजे माझं भाषण लांबलं वाटतं.” सगळे हसले. मी पण हसलो आणि खाली बसलो.

फोन का केला नाही, असं विचारता. सभागृहात येताना सगळ्यांचे फोन दारातल्या पेटीत ठेवून घेतात, कारण फोन जवळ असला की माइक खरखरतो. तो नियम माझ्याच सांगण्यावरून झालेला आहे.

अभिनंदनाचं कोणाचंही भाषण चालू असताना अध्यक्षांनी पेन आडवं केलं नाही.

सभा संपल्यावर मी मिक्सर तसाच टाकून खाली आलो. एरवी मी सामान गुंडाळल्याशिवाय हलत नाही. गाडीत खांबांना ताण द्यायची जाड दोरी असते. तिचे दोन तुकडे मी पालिकेच्या आवारातच कापले आणि ओढ्याकडे निघालो. कारखान्याचा भोंगा मी वाटेत ऐकला.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला चहाची टपरी आहे. टपरीवाल्या मावशींचं बाक पुलाच्या तोंडाशी आडवं लावलेलं होतं. त्यावर ताईंची छत्री आडवी आणि मध्यभागी पिशवी अडकवलेली, लांबून कोणालाही दिसावी अशी. बाकाखाली चप्पल होती. मावशी भरलेली कळशी हातात घेऊन उभ्या होत्या.

मावशी मला म्हणाल्या, “ताई मघापासून इथं होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला परत लावत होत्या. निळी गाडी येईल म्हणत होत्या, सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. चहा देते म्हणाले तर म्हणाल्या, थांब, पाजणारा यायचाय. मग भोंगा झाला. म्हणाल्या, बायका निघाल्या गं, आता पलीकडे जायलाच हवं. मी म्हटलं, कशाला जाता, त्यांना इथून ओरडून सांगू. म्हणाल्या, माझा आवाज कुठं पोचतोय. मी नळावर पाण्याला गेले नि आले तर कोणीच नाही.”

पुलाच्या मध्यभागी कठड्याची नळी एका बाजूने निसटून खाली लोंबत होती. फळ्या जागेवर होत्या. ओढ्याला पाणी भरपूर होतं. मावशींनी आरडाओरडा केल्यावर ओढ्याकाठच्या परटाकडची माणसं धावली व काठाकाठाने खाली गेली.

त्याच वेळी पलीकडच्या टोकाला कारखान्यातल्या बायका दिसू लागल्या. पुढच्या दोघी-तिघी फळीवर पाय ठेवायच्या बेतात होत्या. मी गाडीवरचा कर्णा चालू केला. काय बोलावं ते सुचेना. म्हणून ताई बोलल्या होत्या तेच बोललो. मधल्या फळ्या पायाखाली लवतात. कठड्याची नळी हात लावला तर हातात येते. फळ्यांवर शेवाळ आहे. मोठ्या पुलावरून फेरा मारून जा. बायका थांबल्या. एकीने पलीकडून मोठ्याने विचारलं, “कोण सांगतंय?” मी कर्ण्यावरून सांगितलं, ताई सांगताहेत. त्या सगळ्या परत फिरल्या. एकही पुलावर आली नाही.

त्यानंतर मी बाक तसंच ठेवून मागे दोरीचा एक तुकडा बांधला. दिवेलागणीच्या सुमारास खालच्या बंधाऱ्याच्या जाळीपाशी ताई सापडल्या. ओळख मी पटवली. घड्याळजींना आणायला मीच गेलो होतो.

नगरपालिकेचं म्हणणं असं असल्याचं मला सांगण्यात आलं, की फळ्या शाबूत आहेत, कठड्याची नळी आधीपासूनच लोंबत होती, सभेत अपमान झाल्याने बाईंनी चप्पल काढून ठेवून जीव दिला असावा, आणि पुलाच्या धोक्याबद्दल त्या सभेत काही बोलल्याचं रेकॉर्डिंगमध्ये नाही. रेकॉर्डिंगमध्ये नाही हे खरं आहे. माझी पट्टी खाली होती. पण नळी काल सकाळी जागेवर टेकलेली होती, हे ताईंनी मला सांगितलं. चप्पल का काढायची तेही सांगितलं. जीव द्यायला निघालेलं माणूस दोरीचे दोन तुकडे आणायला सांगत नाही. फळी पायाखाली लवली की माणूस आधाराला काय धरतो, ते मी सांगायला नको.

पंपवाले सभासद आज सकाळी माझ्या दुकानावर आले होते. धमकी वगैरे काही दिली नाही, तशी माझी तक्रार नाही. चहा घेतला. म्हणाले, “कर्णेवाले, हेडफोनात तुम्ही काय ऐकलंत याला पुरावा काय? उगाच कशाला पडता यात? सभागृहाचं काम तुमच्याकडेच राहावं असं आमचं मत आहे.” मी म्हणालो, “साहेब, मला मत नसतं.” ते अर्धा चहा ठेवून गेले.

पुरावा माझ्याकडे नाही. माझे कान आहेत. हवं तर सभागृहात मला कोपऱ्यात बसवून, कोणाचाही माइक बंद करून, त्याने काय म्हटलं ते माझ्याकडून तपासून घ्यावं. मी तयार आहे.

आत येण्यापूर्वी घड्याळजींनी मला बाहेर बाकावर विचारलं, “कर्णेवाले, ती रडत होती का?” मी नाही म्हणालो. त्यांनी विचारलं, “शेवटी काय म्हणाली?” मी सांगितलं, चहा तुम्ही पाजायचा म्हणाल्या. ते म्हणाले, “घरातून निघताना मलाही तेच म्हणाली होती, आल्यावर चहा तुम्ही करायचा. मी आधण ठेवलं होतं.” ते बाहेर बसले आहेत ते एवढ्याचसाठी, की कागदावर काय लिहिलं जातं ते त्यांना कळावं. त्यांच्या बायकोने जीव दिला असं लिहिलं जाऊ नये, अशी त्यांची विनंती आहे. माझीही आहे.

दोरीचा दुसरा तुकडा पंचनाम्यासाठी लागणार असेल तर हजर करतो. पलीकडचं टोक रात्री पोलिसांनीच लाकडी अडथळे लावून बंद केलं, त्यामुळे तो लागला नाही. अजून गाडीतच आहे.

याहून जास्त मला माहिती नाही. वरचा सगळा मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये कोठेही न थांबवता मी तो शेवटपर्यंत ऐकला. मी बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.