शकूताईंनी प्लग काढला

आमच्या ऑफिसातल्या शकूताईंचं सांगायचं राहिलंच. इतवारा भागातून रोज एकट्या येतात. त्यांना दिसत नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्या हेडफोन लावून ऐकतात आणि काम करतात.

परवा सगळ्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायला इंजिनिअर आला. ताईंनी विचारलं, "माझं वाचणारं सॉफ्टवेअर यावर चालेल?"

"चल जाएगा मॅडम, बहुतेक."

"बहुतेक नको. आधी दुसऱ्याच्या मशीनवर लावून दाखवा."

माझ्या मशीनवर लावलं. नवी सिस्टीम सुरू झाली, पण ते सॉफ्टवेअर एक शब्द बोलेना.

"नवं व्हर्जन आएगा, तब तक थोडं अॅडजस्ट करा," म्हणत तो ताईंच्या टेबलाकडे वळला. ताईंनी खाली वाकून प्लगच काढला आणि वायर मांडीवर घेऊन बसल्या.

साहेब आले. "ताई, सगळ्यांचं झालं, तुमचंच अडलंय."

"सगळ्यांना दिसतं, साहेब. हे बोलायचं थांबलं तर मी इथं नुसती बसून राहीन."

 साहेब इंजिनिअरला म्हणाले, "ठीक आहे, यांचं राहू दे."

आम्हाला वाटलं, मिटलं. ताईंनी वायर सोडली नाही.

"तोंडी नको, साहेब. लेखी द्या."