दर्शनाताईच्या नावाची डबी

‘घरातलो खोकलो घरातच रवांदे’, म्हणजे राहू दे — आमच्या घरचा नियम आहे हा, मॅडम, म्हणून तर काका मघापासून तुम्हाला सांगतायत की त्यांच्या श्रेयाला खोकलाबिकला काही नाही, नुसता ताप आहे. नियम आजोबांचा. गिरणीत बदली कामगार होते ते, खोकताना दिसलो तर जॉबर, म्हणजे मुकादम, दुसऱ्याला उभा करेल ही भीती. आता गिरणी नाही, आजोबा नाहीत, नियम तेवढा आहे. का म्हणून विचारायचं नाही — हो काकी, हळूच बोलतेय.

तुम्ही टीबीच्या तपासणीसाठी वॉर्डात बेडबेड फिरून विचारता ना, खोकला किती दिवस, वजन उतरलं का — चांगलं करता. पण पेशंटला उठवत नाही म्हटलं की बेडका आणायची डबी कोणाच्या हातात येते? आमच्या. ही बघा, रिकामीच आहे. काका म्हणाले, प्राची, जिन्याच्या खिडकीशी जा आणि तूच थुंकून आण. इतकं सहज म्हणाले — सहजच म्हणणार, पहिली वेळ थोडीच आहे!

दोन वर्षांपूर्वी माझी सख्खी बहीण, दर्शनाताई. साखरपुडा झालेला, हॉल ठरलेला. रिपोर्ट तेवढा साफ येऊ दे, पुढची औषधं सासरी करतील, काका म्हणाले. सासरी! डबीवर नाव तिचं, आत थुंकी माझी. रिपोर्ट साफ. काकींनी तो कागद देवापुढे ठेवला. सात महिन्यांनी ताईला उचलून परत आणावं लागलं. डॉक्टर विचारत राहिले, आधी तपासणी नव्हती का केली? तर आम्ही त्यांना तोच कागद दाखवला. तेव्हासुद्धा. मी शेजारीच उभी होते. आठवड्यात ताई गेली.

आणि मला काही कळत नव्हतं असं नाही हां — मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. डबीत काय शोधतात हा प्रश्न मी परीक्षेत सोडवलेला.

नको, पाणी नको. ताई गेल्यापासून मला घरात खोकला ऐकू येतो. भरदुपारी, पार्टिशनच्या पलीकडून — दोनदा कोरडा, मग तोंडावर ओढणी दाबल्यासारखा. जाऊन बघावं तर कोणी नसायचं. मग मी बघायचंच सोडलं. म्हणून या वेळी — म्हणजे — तीन आठवडे तो रोज येत होता आणि मी कानात इअरफोन घालून बसले, मॅडम. मला वाटलं ताई आहे. ती श्रेया होती. एकोणीस वर्षांची, काकांची एकुलती एक, ओढणी दाबून खोकत होती.

नाही काका, मी बाहेर येणार नाही. लोक ऐकतायत तर ऐकू देत. तिचं लग्न कोण करेल हे नंतर बघू, आधी ती असू दे. मी यात थुंकणार नाही. घ्या, तुम्हीच धरा डबी. मॅडम सोबत येतील, तिला उठवून बसवा, पाठीवर हात ठेवा आणि तुमच्यासमोर खोकू द्या तिला. सहा महिने गोळ्या घेतल्या की उभी राहील पोरगी — राहील ना, मॅडम?

हां काका, अशी धरा. काकी, माझा हात सोडा, तिचा धरा. आत्तापर्यंत चिमटे काढत होतात मला.

लिहून घ्या, मॅडम, श्रेयाला खोकला आहे. तीन आठवडे.