खांबावरच्या चार ओळी

चार ओळी हो, फक्त चार ओळी! आणि त्यावरून सकाळपासून मला सांत्वनाचे फोन! "धीर धर गं मिर्तो, सोनं होती तुझी आई!" होती? अहो, कालच तिने मला फोनवर तासभर झापलंय!

तुम्हाला सांगते, शाळकरी पोरांसाठी कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा काळं कुत्रं विचारत नव्हतं. मग एकीवर मालिका निघाली, पटकथाही मलाच दिली, म्हटलं नशीब उघडलं. कसलं उघडतंय! निर्माता लेफ्तेरिस म्हणतो, "रेटिंग पडलंय, आजी मारा." मारली! "शूटिंग तुमच्याच गावात, डोंगर फुकट आहे." करा! "गावात कुणी गेलं की लावतात तसा खांबावर मयताचा कागद हवा, काळ्या चौकटीचा, मजकूर द्या, पाच मिनिटांत!" दिला! आता त्या आजीला मी आईचंच नाव दिलेलं, आडनावासकट... म्हटलं आई कुठे माझी पुस्तकं वाचते! एवान्थिया, वय एक्क्याऐंशी, अंत्यविधी शनिवारी. चार ओळी! शूटिंग संपलं, कॅमेरे गेले, दिवे गेले, आणि कागद? कागद खांबावरच!

आईला फोन लावतेय, उचलत नाही. पुन्हा लावला... नाहीच. तिचं हृदय आधीच अधू, पाव आणायला गेली आणि स्वतःचंच नाव वाचलं तर? अथेन्सहून गाडी हाणली ती थेट इथवर. चार ओळींनी आई मारली मी, दुसरं डोक्यात काही नाही!

आईच्या घराचं दार सताड उघडं. आत काळ्या कपड्यातल्या बायका, मयताघरी देतात त्या कॉफीचा आणि ब्रँडीचा वास... तेवढ्यात आतून शेजारणीला हाक, "फोतिनी, बिस्किटं संपली गं!"

आई! ठेवणीतला झगा घालून, खुर्चीत! मी गळ्यातच पडले, भोकाड पसरलं. "चुकले गं आई, आत्ता काढते तो कागद!"

तिने मनगटच धरलं. "हात तर लावून बघ! फोनसुद्धा मुद्दाम उचलला नाही मी. अख्खं गाव येऊन रडून गेलं. स्टामाटिया तेवढी यायचीय, बसने निघालीय म्हणे."

स्टामाटिया म्हणजे माझी मावशी, आईची सख्खी बहीण. ऑलिव्हच्या सहा झाडांवरून नऊ वर्षं अबोला! आईचा आवाज एकदम खाली आला. "जिवंतपणी ती माझी पायरी चढायची नाही, बाळे."

म्हणून आलेय खांबाशी चिकटपट्टी घेऊन, कागद उडायला नको, वारा तर असा सुटलाय... अहो, बघत काय उभे राहिलात, ही खालची कडा धरा जरा, मावशीची बस येईल एवढ्यात!