बोललेला तोल

बरोबर आहे ना म्हणजे? — अहो मॅडम, माझ्या हातची यादी आहे ती. आठ नावं, आठ वजनं, खाली सही. सुकलाल, मापाडी, नीलेशभाऊंची केळीची वखार — इथले हिंदीवाले तुलावटी म्हणतात, काहीही म्हणा, तीस वर्षं काट्यावर गेली माझी. बसा ना. ती नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडं बसा, कूलरसमोर. भाऊ राजपुऱ्यातनं निघालेत, पोचतीलच. ते आले की तुम्ही मशीन उडवत त्यांना घेऊन इच्छापूरला जायचं, देवीच्या टेकडीवरनं एक चक्कर, खाली उतरून दर्शन, परत. हो, गाडीनं अर्धा तास लागतो, मला माहीत आहे — पण दर्शनाचा प्रश्न आहे कुठं? तुमच्या कंपनीनं हे एवढं थोरलं हेलिकॉप्टर दाखवायला आणलंय, मैदानात उभं केलंय, सकाळपासून अर्धं बुऱ्हाणपूर कुंपणाला लटकलंय. आता भाऊ काय जीपनं जातील?

भाऊंनी काय बघून पसंत केलं विचारता? — दार बघून. हसू नका, खरं सांगतो. जुनं होतं ते लहान, पायलट सोडून पाच माणसांचं, त्यातनं उतरताना वाकावं लागायचं. एका पेपरात फोटो आला — भाऊ वाकलेले, पोट मांडीवर, हार तोंडावर — झालं, त्या दिवसापासून मोठं घ्यायचं घोकणं सुरू झालं. तुमच्याकडनं ती गुळगुळीत कागदाची पुस्तकं आली ना, तीन — भाऊंनी इंजिनाचं पान उघडलं नाही. टेप मागवला आणि भिंतीवर दाराची उंची मोजली, स्वतः त्याखाली उभं राहून. मग म्हणे सोफे समोरासमोर पाहिजेत, भोपाळचा पाहुणा डोळ्यांपुढं बसला पाहिजे. दोन इंजिनं पाहिजेत, एका इंजिनात आता मोठी माणसं बसायला तयार होत नाहीत — हे एक वाक्य पाठ केलंय त्यांनी. तुम्ही काल म्हणालात आठ सीटचं पुरेल, बाराचं कशाला — मी तिथंच उभा होतो, चेहरा बघितला मी भाऊंचा. पण तुम्ही एक विचारलंत ते बाकी कोणी विचारलं नव्हतं, माणसांची खरी वजनं किती. त्यावरच ठरतं म्हणालात, कुठलं मशीन घ्यायचं ते. कोणी विचारलं नव्हतं, तुम्हीच पहिल्या. — नाही. दुसऱ्या.

पहिले आमचे कॅप्टन भूपेंद्र. जुनं मशीन चालवायचे. तुमच्या लायनीत सगळे एकमेकांना ओळखता, ऐकलं असेल. काय ऐकलंत? — हं. 'पायलटचा अंदाज चुकला.' चौकशीत तेच लिहिलंय, पेपरातही तेच आलं. मला काय विचारता खरं की खोटं? मी काय पायलट आहे? चहा घ्या. घ्या हो, गार होतोय.

काटा? तो शेडखालचा ना — तो केळीचा आहे, मॅडम. चालतो की, टनाला पाव किलोचा फरक दाखवणार नाही. पण माणूस चढत नाही त्याच्यावर. आमच्याकडं नाही चढत. भाऊंच्या आजोबांपासूनचा नियम, मालाच्या काट्यावर माणूस चढला की वखारीची बरकत जाते. हमालसुद्धा वळसा घालून जातात. आणि हे कॅप्टन भूपेंद्र — नवीन होते, महिनाही झाला नव्हता — सगळ्या व्यापाऱ्यांसमोर भाऊंना म्हणाले, सर, ज़रा इस पर खड़े हो जाइए, उडण्याआधी वजन घ्यावं लागतं. कोणीतरी खिदळलं. भाऊ म्हणाले, मैं क्या केले का घड हूँ? सगळे हसले, भाऊही हसले. आत आले आणि मला म्हणाले, सुकलाल, ह्याला वजनं तू देत जा. तुझी नजर काटा आहे.

आहे. बढाई नाही मारत. घड उचलायच्या आधी मी आकडा सांगतो, मग काट्यावर ठेवा, अर्धा किलो इकडं-तिकडं. आणि मी एकदा मोठ्यानं बोललो की तो तोल झाला — ना शेतकरी फिरवतो, ना व्यापारी. बोललेला तोल म्हणतात त्याला. रावेरपासून शाहपूरपर्यंत कुणालाही विचारा. आता शेतकऱ्याच्या मालातनं दांड्याचं म्हणून थोडं कमी धरतो आम्ही — सगळेच धरतात — दांडा असतो दोन किलोचा, धरतो तीन. बोंबलतात बिचारे, पण घेतात. तर कमी बोलायची सवय ह्या जिभेला होतीच. भाऊंचं पहिल्या दिवशी लिहिलं ब्याऐंशी. कारण ब्याऐंशीच सांगायचे ते सगळ्यांना, लग्नाच्या वेळचं. मी काय त्यांच्या पोटाकडं बघून वेगळं लिहू? ज्यांच्या घरचं मीठ — जाऊ द्या.

तुम्ही ते बोट यादीवरनं काढा आधी. ब्याऐंशीवर कशाला ठेवलंय?

बरं ऐका. खकनारला कार्यक्रम होता, दोन वर्षं झाली, मे महिना, असंच ऊन. शाळेच्या मैदानात मशीन उतरलेलं. जाताना भाऊ, भोपाळचे पाहुणे, त्यांचा एक जोडीदार, आणखी दोघं. दुपारी दीड. कॅप्टन मला नेहमी समजवायचे, सुकलालजी, गरमी में हवा पतली हो जाती है, मशीनला धरायला काही उरत नाही, दुपारी एकेक किलो मोजायचा. मला कळायचं. माझ्याइतका किलो कुणाला कळतो? यादी दिली मी. त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. मशीन जमिनीवरनं हातभर उचललं — आणि परत टेकवलं. मला बोलावलं खुणेनं. मी डोक्यावर रुमाल धरून, वाकून, धुळीतनं पळत गेलो. खिडकीतनं ओरडले, सुकलालजी, वज़न सही है ना? भारी लग रहा है.

शेजारी भाऊ. माझ्याकडं बघत. रागावलेले नाही हो — मजा बघितल्यासारखे.

मी म्हणालो, सही है साहब.

भाऊ बत्तीस किलो जास्त, पाहुणे सतरा, जोडीदार एकवीस. मागच्या खणात वेफर्सचे खोके आणि एक घड, भेट म्हणून — मीच ठेवले होते, यादीत धरलेच नाहीत — एकोणीस. एकोणनव्वद किलो, मॅडम. मी तिथं उभ्या उभ्या बेरीज केली होती. धुळीत. बेरीज आधी झाली आणि 'सही है' मागनं निघालं तोंडातनं. आणि ते हसले माझ्याकडं बघून — बोललेला तोल ना, त्यांनाही ठाऊक होतं. अंगठा दाखवला. मैदानाच्या टोकाला कडुलिंबाची झाडं, ती कशीबशी ओलांडली, मग खालीच आलं, पलीकडच्या केळीत. केळीचं खोड मऊ असतं, म्हणून पाहुण्यांना खरचटण्यावर भागलं. मशीन ज्या बाजूला कलंडलं, तिकडं कॅप्टन होते. कंबर गेली. इंदूरला असतात आता, चाकाच्या खुर्चीत. उडायचं तर सोडाच, नावावर ठपका आहे — अंदाज चुकला.

यादी? यादी कुठली? चौकशीत भाऊंनी सांगितलं, यादीबिदी काही नव्हती, पायलटनं कुणाला विचारलंच नाही. पायलट म्हणाला, खिशात होती. खिशात सापडली नाही.

कशी सापडेल? सगळ्यात आधी मीच पोचलो होतो ना.

— काय झालं? अशा का बघताय? शुद्धीवर होते ते. डोळे उघडे. त्यांना वाटलं मी पट्टा सोडवायला वाकलो. मी खिशात हात घातला तेव्हा... बघत होते नुसते. भाऊंनी सांगितलं नव्हतं मला, भाऊ तर घडाखाली ओरडत होते. माझं मीच केलं. हे कुणाला — हे मी आजपर्यंत घरात बोललो नाही. तुम्ही त्या ब्याऐंशीवर बोट ठेवलंत म्हणून.

आहे ना. ह्याच टेबलात, खालच्या कप्प्यात. फाडला नाही तो कागद. दर एक तारखेला ह्या फोनवर वैजयंतीबाईंचा फोन येतो, कॅप्टनच्या मिसेस. भांडत नाहीत, शिवी नाही, काही नाही. दादा, तो कागद कुठं मिळाला का? मी म्हणतो, शोधतोय ताई. दोन वर्षं शोधतोय मी. कप्पा उघडून बघतो रोज आणि लावतो.

देऊ? तुम्हाला? — आणि मग मी कुठं जाऊ? साठी उलटली माझी. नंतर बघू. तुम्ही तुमचं बघा, तुम्हाला आत्ता उडायचंय. माझी मुलगी तुमच्याएवढी आहे, खंडव्याला. — ती आजची यादी द्या इकडं. द्या हो. हे खोडलं. भाऊ एकशे चौदा. त्यांचे मेहुणे अठ्ठ्याण्णव. हा पहिलवान तर... हॉर्न. भाऊच. चला बाहेर, चला.

या भाऊ. हो, मॅडम तयार आहेत. नाही, त्यांचं काही म्हणणं नाही, मीच म्हणतोय — आधी सगळे काट्यावर. मालाच्याच, हो. मी चढतो आधी, थांबा. हे बघा, एकसष्ट किलो. बरकत गेली का कुठं? या ना भाऊ. पायरीसुद्धा नाही, वाकावं लागत नाही.

— का बरं सगळे मागं सरकलात?

उतरतो. उतरलो. किल्ल्या? — आत्ता? ह्या घ्या. वखारीची, शेडची, ही टेबलाची. भाऊ, टेबलाची एवढी दोन मिनिटं, खालच्या कप्प्यात माझा एक कागद — नको? ... बरं.

मॅडम, यादीत जे खोडून लिहिलंय तेच धरा. एकशे चौदा. बोललेला तोल आहे माझा, कुणी काट्यावर येवो न येवो. आणि एक तारखेला टेबलावरचा तो फोन वाजेल. आता तो कोण उचलणार —